‘पॅसिव्ह व्हॉइस’ म्हणजे कर्मणी प्रयोग नव्हे

‘द लेटर वॉज रिटन बाय सीता’ याचे मराठी ‘सीतेने पत्र लिहिले’ करावे की ‘सीतेकडून पत्र लिहिले गेले’, आणि पॅसिव्ह व्हॉइस म्हणजेच कर्मणी प्रयोग का, असा प्रश्न आला आहे.

नव्हे. ‘सीतेने पत्र लिहिले, चिठ्ठी लिहिली’ यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते म्हणून प्रयोग कर्मणी खरा. पण इंग्रजीच्या साध्या कर्तरी भूतकाळासाठीही मराठीत हीच रचना आहे. इंग्रजीचे कर्मवाच्य, म्हणजेच पॅसिव्ह व्हॉइस, बहुधा कर्ता सांगायचा नसतो तेव्हा उपयोगी पडते, आणि तेथे मराठी ‘सायकल चोरीला गेली’ असे सहज म्हणते. तरीही मार्गदर्शिकांमधून प्रत्येक ‘बाय’साठी ‘कडून’ योजला जातो, याचा मला मनस्वी राग येतो. ‘माझ्याकडून कप फुटला’, ‘माझ्याकडून चूक झाली’ यांतला ‘कडून’ हातून नकळत घडलेले सांगतो. त्यामुळे ‘सीतेकडून पत्र लिहिले गेले’ हे वाक्य तिने ते चुकून लिहिल्यासारखे वाटते.

शालेय व्याकरणे ‘मारला गेला’ या रचनेला नवीन कर्मणी म्हणून ती इंग्रजीच्या पदरात टाकतात, हेही मला मान्य नाही. ‘मारा गया’ म्हणायला हिंदीने इंग्रजीची वाट पाहिली नव्हती. ‘जाणे’ घरचेच आहे. इंग्रजीमुळे वाढला तो ‘कडून’चा सुकाळ.

खरे जुने कर्मवाच्य मात्र आपण दिवसभर बोलतो आणि ओळखत नाही. संस्कृत कर्मणीतील ‘य’ प्राकृतात ‘इज्ज’ झाला आणि जुन्या मराठीत ‘इज’ होऊन करिजे, बोलिजे अशा रूपांत राहिला. व्याकरणात याला पुराण कर्मणी म्हणतात आणि ते लोपले असे शिकवतात. परंतु ‘म्हणिजे’, म्हणजे ‘म्हटले जाते’, हेच आजचे ‘म्हणजे’ आहे. या लेखाच्या शीर्षकातही ते आलेले आहे. ‘पाहिजे’ हेही तसेच ‘पाहणे’ या धातूचे कर्मणी रूप, मूळ अर्थ ‘पाहिले जाते’. जे हवे असते त्याची वाट पाहिली जाते, ते शोधले जाते, म्हणून पुढे ‘हवे आहे’ हा अर्थ आला असावा, असे मला वाटते. आपण ‘मी पुस्तक पाहिजे’ न म्हणता ‘मला पुस्तक पाहिजे’ म्हणतो आणि पुस्तके अनेक असली की ‘पाहिजेत’ म्हणतो, याचे कारण हेच: त्या वाक्यात क्रियापद अजूनही, कोणी न शिकवता, पुस्तकाच्याच वचनाप्रमाणे चालते.