स्टॉकचा पीएच पाहून घाबरू नका

प्रश्न : १०एक्स पीबीएस (पीएच स्थिर ठेवणारं, म्हणजे बफर असलेलं, फॉस्फेट-मिठाचं द्रावण; वापरायच्या १एक्सपेक्षा दहापट तीव्र) बनवला, तर पीएच (आम्लता-अल्कतेचा अंक) मोजणारा मीटर ६.८ दाखवतोय. ७.४ वर आणायला सोडियम हायड्रॉक्साइड घालू का?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, रावपुरा, बडोदा

उत्तर : नको, बाटली तशीच राहू द्या. दहापट तीव्र स्टॉकमध्ये (पातळ करून वापरायच्या मूळ द्रावणात) क्षारांची इतकी गर्दी असते की दोन ऋणभारांचा फॉस्फेट आयन जास्त स्थिर होतो, हायड्रोजन आयन सुटे होतात आणि पीएच खाली दिसतो. पाणी घातलं की गर्दी मोडते आणि पीएच आपोआप वर सरकतो. १० मिली स्टॉक घ्या, पाणी घालून १०० मिली करा आणि मग मोजा. ७.४ च्या जवळपास मिळेल. स्टॉकलाच ७.४ वर आणलंत तर पातळ केल्यावर तो आठच्या आसपास जाऊन बसेल. १एक्समध्ये थोडा फरक उरलाच तर तो तिथेच थेंबाथेंबाने दुरुस्त करा.

प्रश्न : चोवीस मुलांचं प्रॅक्टिकल आहे, प्रत्येकाला ३०० मिली १एक्स पीबीएस हवा. किती बनवू? शिवाय स्टोअरमधून या वेळी डायसोडियम फॉस्फेटची डायहायड्रेटची (क्षाराच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे दोन रेणू असलेली) बाटली आली आहे.
– प्रयोगशाळा सहायक, दांडिया बाजार

उत्तर : हिशेब शेवटाकडून सुरू करा. २४ गुणिले ३०० म्हणजे ७.२ लिटर. मुलं सांडणार, विसळणार, तेव्हा ८ लिटर धरा. त्याला १०एक्स ८०० मिली लागेल, म्हणजे एक लिटर स्टॉक बनवा. सोडियम क्लोराइड ८० ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड २, मोनोपोटॅशियम फॉस्फेट २.४ आणि निर्जल डायसोडियम फॉस्फेट १४.४ ग्रॅम. क्षार ८०० मिली पाण्यात विरघळवून मग एक लिटरपर्यंत भरा. आधीच लिटरभर पाणी ओतलंत तर आकारमान वाढेल.

खरी मेख तुमच्या नव्या बाटलीत आहे. निर्जल क्षाराचं रेणुभार १४१.९६, डायहायड्रेटचं १७७.९९. म्हणून १४.४ ऐवजी सुमारे १८ ग्रॅम तोला. तसेच १४.४ घातलेत तर हे फॉस्फेट पाचव्या हिश्श्याने कमी पडेल आणि पीएच साधारण ०.१ ने घसरेल. पावडर दिसायला सारखीच पांढरी, त्यामुळे नावाखालचं रेणुसूत्र वाचल्याशिवाय तराजूला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

आठ लिटर एका भांड्यात करायचा हट्ट नको. दोन लिटरच्या मापपात्रात २०० मिली स्टॉक आणि खुणेपर्यंत पाणी, असं चार वेळा करा.

प्रश्न : मे महिन्यात एसी बंद, प्रयोगशाळेत ३८ अंश. ट्रिस (एक सेंद्रिय अल्क) वापरलेला बफर ८.० वर सेट केला, पण ४ अंशांच्या कोल्ड रूममध्ये प्रथिनांचं काम बिघडतंय. मीटरला तापमान-भरपाई आहे, मग चूक कुठे?
– फार्मा कंपनीतील विश्लेषक, मकरपुरा

उत्तर : मीटर बरोबर आहे, पण तुम्ही त्याच्याकडून भलतीच अपेक्षा करताय. ती भरपाई इलेक्ट्रोडच्या प्रतिसादाची असते. खुद्द ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर बदलतो, त्याला मीटर काय करणार? प्रत्येक अंशाला साधारण ०.०२८, थंडी वाढली की वर. ३८ वरून ४ अंशांवर म्हणजे ३४ अंशांचा फरक, तेव्हा ८.० चा बफर कोल्ड रूममध्ये ८.९ च्या पुढे जातो. बडोद्याच्या उन्हाळ्यात हे दर वर्षी कुणाला ना कुणाला भोवतं. बफर ४ अंशांवर थंड करूनच पीएच लावा, इलेक्ट्रोड आणि कॅलिब्रेशनचे बफरही त्याच तापमानाला ठेवून. फॉस्फेट यात बराच शांत असतो, तो चालत असेल तर बदला.

प्रश्न : ५०एक्स टीएई (डीएनए जेलवर चालवायचा बफर) आहे. एक भाग टीएईला पन्नास भाग पाणी ना?
– बी.एस्सी.चा विद्यार्थी

उत्तर : एकोणपन्नास. दोन लिटरसाठी ४० मिली स्टॉक, १९६० मिली पाणी.

प्रश्न : फ्रीजमधल्या १०एक्स पीबीएसच्या तळाशी खडे जमलेत. वरचा स्वच्छ भाग वापरला तर?
– प्रयोगशाळा सहायक, मांजलपूर

उत्तर : तो आता १०एक्स राहिलेला नाही, फॉस्फेट तळाशी गेलंय. बाटली कोमट पाण्यात ठेवून सगळं विरघळेपर्यंत हलवा, मगच मोजा. पुढच्या वेळी ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करून) खोलीच्या तापमानालाच ठेवा. फ्रीज १एक्ससाठी राखा, आणि त्यावरही बनवल्याची तारीख टाका. पावसाळ्यात पातळ फॉस्फेटमध्ये बुरशीचे तंतू तरंगताना दिसले तर ती बाटली ओतून द्या, गाळून वापरू नका.