वाचकांचे प्रश्न : वर्गात पात्र उभे करताना

साहित्यातील पात्रे विद्यार्थ्यांनी वर्गात अभिनयातून साकारावीत, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी नववी-दहावीला भाषा शिकवते. पाठ शिकवून झाला की मुलांकडून त्यातील एखादा प्रवेश बसवून घेते. मुले हौसेने संवाद पाठ करतात, दाढी-मिशा लावतात, टाळ्याही मिळवतात. परंतु दुसऱ्या दिवशी त्याच पात्राविषयी विचारले, तर मार्गदर्शकातील ठरावीक उत्तरच ऐकू येते. हा सारा खटाटोप वाया जातो आहे का?

उत्तर : वाया जात नसला, तरी तो उशिरा होतो आहे. पात्राच्या स्वभावाविषयीचे सगळे निष्कर्ष फळ्यावर लिहून झाल्यानंतर मुलांना शोधण्यासारखे काही उरत नाही, आणि मग ती साहजिकच दाढी-मिशांकडे वळतात. प्रयोग पाठाच्या शेवटी ठेवण्याऐवजी वाचन अर्ध्यावर असतानाच करावा आणि पूर्ण प्रवेश बसवण्याचा हव्यास धरू नये. मुलांना काही निर्णय घ्यावा लागेल असा एखादा लहानसा तुकडा पुरतो.

शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ या नाटकाच्या पाचव्या अंकातील पहिला प्रवेश पाहा. राजाचा खून करायला नवऱ्याला, म्हणजे मॅकबेथला, भरीला घालणारी लेडी मॅकबेथ ही त्यातील नायिका. लेडी मॅकबेथ झोपेत चालत येते तेव्हा तिच्या हातात मेणबत्ती असते, आणि थोड्याच वेळात ती हातावरचा रक्ताचा डाग धुतल्यासारखे हात चोळू लागते. हात चोळायचे तर दोन्ही मोकळे हवेत. मग मेणबत्तीचे काय करायचे, याविषयी संहितेत एक अक्षरही नाही. लंडनमध्ये १७८५ साली सारा सिडन्स यांनी ही भूमिका केली, तेव्हा त्यांनी मेणबत्ती खाली ठेवायचे ठरवले. आधीच्या नामवंत अभिनेत्रीने ती हातातच धरलेली असल्यामुळे नाट्यगृहाची सूत्रे सांभाळणारे शेरिडन यांनी ऐन वेळी हरकत घेतली, पण सिडन्स आपल्या निर्णयावर ठाम राहिल्या. हा किस्सा मुलांना मागाहून सांगावा. आधी प्रश्न त्यांच्यापुढे टाकावा आणि उत्तर पुस्तकातून शोधायला लावावे. दिवा सतत जवळ असलाच पाहिजे अशी तिची आज्ञा आहे, हे याच प्रवेशात तिची परिचारिका डॉक्टरांना सांगते. दाट काळोख उतरावा म्हणून पहिल्या अंकात रात्रीला हाक मारणारी बाई हीच, आणि थोड्याशा पाण्याने हे खुनाचे कृत्य धुऊन निघेल असे दुसऱ्या अंकात नवऱ्याला बजावणारीही हीच. आता ती दिवा कितपत दूर ठेवील, ठेवताना अडखळेल का, हात चोळता चोळता त्याच्याकडे वळून पाहील का, हे ठरवण्यासाठी मुले आपण होऊन मागची पाने उलटू लागतात. हे पाने उलटणे साधले, तर प्रयोग रंगला नाही तरी बिघडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर पात्राची मुलाखत घ्यावी. शिक्षणातील नाट्यप्रयोगांत ‘हॉट सीट’ या नावाने रूढ असलेल्या या पद्धतीत एक विद्यार्थी पात्र होऊन खुर्चीवर बसतो आणि बाकीचे त्याला प्रश्न विचारतात. येथे नियम कडक असावा : उत्तराला आधार देणारी ओळ दाखवता आली पाहिजे, आणि ती नसेल तर ‘हा माझा अंदाज’ असे सांगून टाकले पाहिजे. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. त्या कलाकृतीवरचा चित्रपट आधी दाखवू नये, कारण तसे केल्यास मुले पात्राचा विचार करण्याऐवजी नटाची नक्कल करतात.

प्रश्न : वर्गातील काही मुले फारच बुजरी आहेत. त्यांनाही भाग घ्यायला लावावा का? आणि गुण कसे द्यावेत?

उत्तर : सहभाग सर्वांचा असावा, अभिनयाची सक्ती मात्र कोणावरही नसावी. वर सांगितलेल्या प्रवेशातच एक डॉक्टर आहे, जो बाजूला उभा राहून ती झोपेत जे बोलते ते लिहून घेतो. बोलायला कचरणाऱ्या मुलाला ही भूमिका द्यावी आणि त्याची टिपणे नंतर वर्गात वाचावीत. पुष्कळदा सर्वांत बारीक निरीक्षण तेथेच सापडते. पुस्तक हातात धरून केलेले अभिवाचनही चालते. गुण आवाजाला किंवा हावभावांना देऊ नयेत. ‘अमुक वाक्य मी हळू म्हटले, कारण…’ अशा धर्तीचा एक परिच्छेद प्रत्येकाकडून लिहून घ्यावा आणि गुण त्यावर द्यावेत.

प्रश्न : मी अकरावीत शिकतो. नॉर्वेचे नाटककार इब्सेन यांच्या ‘अ डॉल्स हाउस’ या नाटकाचा शेवट आम्ही सादर करणार आहोत. मूळ शेवटी नायिका नोरा नवरा आणि मुलांना सोडून जाते; ती घर सोडून न जाता मुलांसाठी थांबते, असा बदल आमच्या गटाला करायचा आहे. सर म्हणतात, लेखकाच्या शब्दाला हात लावायचा नाही. कोणाचे बरोबर?

उत्तर : तुम्हाला सुचलेला शेवट खुद्द इब्सेन यांना लिहावा लागला होता. नाटक १८७९ मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी जर्मनीतील प्रयोगासाठी तेथील अभिनेत्रीने मूळ शेवट करण्यास नकार दिला. दुसऱ्या कोणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच केलेली बरी, म्हणून त्यांनी पर्यायी शेवट लिहून दिला : नवरा नोराला झोपलेल्या मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो आणि ती तेथेच कोसळते. या बदलाला इब्सेन यांनी स्वतःच रानटी अत्याचार म्हटले.

तेव्हा सरांची चिंता अनाठायी नाही. तरीही तुम्ही प्रयोग करून पाहावा, पण क्रम पाळावा. आधी मूळ शेवट प्रामाणिकपणे सादर करा, मग तुमचा करा, आणि नोराला थांबवण्यासाठी तिच्या तोंडची कोणती वाक्ये गाळावी लागली त्यांची यादी वर्गापुढे ठेवा. स्वतःला घडवण्याचे काम आधी केले पाहिजे, हे तिचे म्हणणे तसेच ठेवून तिला थांबवता येते का, यावर तुमच्या गटातच वाद होईल. तो टाळू नका, आणि सरांनाही त्यात ओढा.

प्रश्न : माझ्या मुलाने वर्गात एका खलपात्राची भूमिका उत्तम केली. तेव्हापासून मुले त्याला त्याच नावाने हाक मारतात. सुरुवातीला तो हसायचा, आता शाळेत जायला कुरकुर करतो. ही किरकोळ बाब समजावी का?

उत्तर : किरकोळ समजू नये, शिक्षकांशी लगेच बोलावे. भूमिकेत शिरण्याची तयारी सगळे करून घेतात, पण भूमिकेतून बाहेर येण्यासाठी वेळ कोणीच राखून ठेवत नाही. प्रयोग संपताच प्रत्येकाने स्वतःचे नाव घेऊन आपल्या पात्राविषयी ‘तो’ किंवा ‘ती’ असे तृतीय पुरुषात बोलावे आणि त्याच्या कोणत्या कृतीशी आपण सहमत नाही, हे सांगावे. खलपात्र पुढच्या वेळी दुसऱ्याला, शक्यतो चिडवणाऱ्यांपैकीच एकाला द्यावे, अशी विनंती शिक्षकांना करण्यास हरकत नाही. मात्र मुलाची भूमिका चांगली झाली होती, हे त्याला घरी पुन्हा एकदा सांगा, कारण या चिडवण्यामुळे आपण काही चूक केली असे त्याला वाटू लागले असण्याची शक्यता आहे.