गळती कोणत्या खात्यावर पडते?

प्रश्न : मी महाविद्यालयाचे हिशेब पाहतो. पहिल्या वर्षानंतर शंभरेक मुलं सोडून जातात, म्हणजे शंभर फी कमी. पुढच्या वर्षी नवी तुकडी येतेच. मग एवढी चिंता कशाला?

उत्तर : नवी तुकडी पहिल्या वर्षाच्या बाकांवर बसते, रिकामे झालेत ते दुसऱ्या वर्षाचे. जरा मांडून बघा. चार वर्षांचा अभ्यासक्रम, ५०० प्रवेश, दरवर्षी २० टक्के गळती. वर्गात उरतात ५००, ४००, ३२० आणि २५६. सगळे टिकले असते तर २००० फी जमा झाल्या असत्या, झाल्या १४७६. तूट ५२४ ची. त्यातल्या ३०० पहिल्याच वर्षी गेलेल्या त्या शंभर जणांच्या, कारण प्रत्येकाबरोबर पुढच्या तीन वर्षांची फी गेली. आता फक्त पहिल्या वर्षाची गळती निम्मी करा, बाकी काही हलवू नका : ५००, ४५०, ३६०, २८८. बेरीज १५९८. थांबवले पन्नास, वाढल्या १२२ फी.

खर्च मात्र जागचा हलत नाही. साठांच्या वर्गात अठ्ठेचाळीस उरले म्हणून प्राध्यापकांचा पगार कमी होत नाही की प्रयोगशाळेची देखभाल. तुमच्या खातेवहीत खडूला खातं आहे, विजेला आहे. गळतीला नाही. ती कमी जमेत मुरून जाते, म्हणून कुणाला टोचत नाही.

प्रश्न : मी २२ वर्षं शिकवतोय. कच्ची मुलं गळाली तर उलट निकाल सुधारतो. यात बदनामी कसली?

उत्तर : सर, तुम्ही निकाल परीक्षेला बसलेल्यांवर काढता. बाहेरचे लोक प्रवेश घेतलेल्यांवर काढू लागले आहेत. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने महाविद्यालयांना पदवी पूर्ण होण्याचं प्रमाण जाहीर करावं लागतं, आणि ते मोजलं जातं पहिल्या दिवशी आलेल्या तुकडीवर. दुसरीकडे जाऊन पदवी मिळवलेला विद्यार्थीही मूळ महाविद्यालयाच्या त्या आकड्यात ‘पूर्ण झाला’ म्हणून येत नाही.

शिवाय गळालेला प्रत्येक जण कच्चा असतो हे गृहीत कुठून आलं? समाजशास्त्रज्ञ विन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये मांडलेला विचार आजही उपयोगी पडतो : विद्यार्थी अभ्यासात रुळतो की नाही, याइतकंच तो तिथल्या माणसांत रुळतो की नाही हेही महत्त्वाचं. आणि नाव खराब होतं ते आकड्यांआधी तोंडोतोंडी. सोडून गेलेली मुलगी धाकट्या भावंडाला सांगते, ‘तिथे कुणी विचारत नाही.’ गळती रोखायची म्हणून पेपर सोपे काढणं हाही मार्ग नाही, एवढं तुमच्या बाजूने मान्य.

प्रश्न : जाहिरातीचं बजेट वाढवलं तर भरपाई होईल का?

उत्तर : भोक बुजवायच्या आधी नळ मोठा सोडायचा? नको.

प्रश्न : मी प्राचार्य आहे. पैसे फारसे नाहीत. सुरुवात कुठून करू?

उत्तर : दाखल्याच्या खिडकीपासून. एका कार्यालयात मी महाविद्यालय सोडल्याच्या दाखल्याचे गठ्ठाभर अर्ज चाळले होते. कारणाच्या रकान्यात बहुतेकांनी लिहिलं होतं ‘घरगुती अडचण’, आणि तेही एकाच वळणात. कारकूनच सांगत असावा. खरं कारण त्याच अर्जामागच्या हजेरीपत्रकात होतं : तिसऱ्या आठवड्यापासून गैरहजर, फीचा दुसरा हप्ता थकलेला. माहिती हजेरीपत्रकात आणि फी-वहीत होतीच, एकत्र बघणारं कुणी नव्हतं.

अमेरिकेतल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०११ पासून नेमकी हीच जागा धरली. अभ्यासात बरे, पण थोडक्या थकबाकीमुळे नाव कमी होणार अशा विद्यार्थ्यांना विद्यापीठ आपणहून लहान अनुदान देऊ लागलं. हजार डॉलरच्या आतबाहेरच्या रकमेसाठी पूर्ण फी भरणारा विद्यार्थी गमावणं हा आतबट्ट्याचा धंदा, हे त्यांना उमगलं होतं.

थोडा जास्त खर्च झेपत असेल तर न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठातला २००७ चा ‘असॅप’ उपक्रम पाहा : पूर्णवेळ अभ्यासाची अट, कमी विद्यार्थी सांभाळणारे सल्लागार, फीतली तूट भरून देणं, प्रवासाचा पास. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गटांची तुलना झाली, तेव्हा तीन वर्षांत पदवी घेणारे २२ टक्क्यांवरून ४० वर गेले. दर विद्यार्थ्यामागे खर्च बराच वाढला, पण दर पदवीमागे कमी झाला. विश्वस्तांसमोर हे शेवटचं वाक्य आधी ठेवा.

प्रश्न : मुलीचा प्रवेश घ्यायचाय. माहितीपत्रकात फक्त नोकऱ्यांचे आकडे आहेत. काय विचारू?

उत्तर : गेल्या वर्षी पहिल्या वर्षात आलेल्यांपैकी किती जण या वर्षी दुसऱ्या वर्षात बसले आहेत, एवढंच. आकडा लहान असेल तर पुढचा प्रश्न : ते गेले कुठे? काही जण मनासारखी शाखा मिळाली म्हणूनही जातात, त्यात महाविद्यालयाचा दोष नाही. पण ‘माहीत नाही’ असं उत्तर आलं, तर दुसरं महाविद्यालयही बघून या.