वाचकांचे प्रश्न : दाणा उघडल्यावर काय दिसतं?

सहावीच्या वर्गात बियांचे भाग दाखवायचे आहेत. हरभरा घ्यावा की ज्वारी? – एक शिक्षिका, मोहोळ

दोन्ही घ्या, कारण अन्नाचा साठा दोघांत वेगळ्या ठिकाणी असतो. फक्त पेरणीचं, औषध चोळलेलं बियाणं मुलांच्या हाती देऊ नका.

गावरान हरभरा 10-12 तास भिजवा. दाणा पुसून चोचीजवळ हलकेच दाबला की बारीक थेंब बाहेर येतो, ते बीजरंध्र. शेजारचा वण म्हणजे दाणा घाट्याला जिथं जोडलेला होता ती जागा. टरफल सोलून दोन डाळी अलग करा. या डाळी म्हणजे बीजपत्रं, सगळं अन्न यांतच. मुलं बहुधा त्यांनाच रोप समजतात. खरं रोप चोचीपाशी असतं : चोचीत आदिमूळ आणि डाळींच्या मध्ये दबलेला इवलासा अंकुर. मूळ आधी बाहेर पडतं, डाळी मातीतच राहतात.

ज्वारी दिवसभर भिजवा. दाण्याच्या एका अंगाला, टोकाकडे, लांबट खोलगट डाग दिसतो, तो भ्रूण. त्याच्या मधोमध ब्लेडनं उभा काप द्या (हे काम तुम्हीच करा) आणि पातळ केलेल्या टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. पिठूळ भाग काळानिळा होईल, भ्रूण तसा होणार नाही. हा पिठूळ भाग म्हणजे भ्रूणपोष. ज्वारीचं एकच बीजपत्र भ्रूण आणि भ्रूणपोष यांच्यामध्ये चिकटून असतं, ते वर येत नाही, साठ्यातलं अन्न विरघळवून रोपाला पोचवतं. हुरडा गोड लागतो तोही याच भ्रूणपोषामुळे, त्यातल्या साखरेचा अजून पुरता स्टार्च झालेला नसतो.

घरचं सोयाबीन टपोरं आहे, तरी निम्मंच उगवलं. – शेतकरी, बार्शी

टपोरेपणा साठ्याचा असतो, उगवण आदिमुळावर ठरते. सोयाबीनचं आदिमूळ पातळ टरफलाच्या अगदी खाली असतं. मळणीत ड्रम जोरात फिरला किंवा पोती आपटली की ते दुखावतं आणि दाणा वरून धडधाकट दिसतो. बियाण्याची मळणी मिनिटाला 400 फेऱ्यांच्या आसपासच करा.

दुसरं कारण खोली. हरभऱ्यासारखं नाही, सोयाबीन डाळी डोक्यावर घेऊन वर येतं. पेरणी 5 सेंटिमीटरपेक्षा खोल गेली किंवा पावसानंतर काळ्या रानावर पापडी धरली, की वाकलेली मान मातीतच मोडते. पेरा 3-4 सेंटिमीटरवर ठेवा.

पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात ओळीनं मांडून गुंडाळा. पाण्यात बुडवून ठेवू नका, टरफल फाटतं. गोणपाट ओलसर ठेवून आठवड्यानं चांगले मोड मोजा. 70 आले तर एकरी 30 किलो पुरे, 60 आले तर 35 किलो घ्या. त्याहून फारच कमी असेल तर ते बियाणं नकोच.

हरभऱ्याच्या डाळीला मोड का येत नाहीत? – एक वाचक, अक्कलकोट

भरडताना चोच तुटून चुणीत जाते. उरते ती नुसती शिदोरी, रोप नाही. अख्ख्या मटकीत मात्र तळाशी गणंग दाणे राहतात, ते बहुतेक जिवंतच असतात, त्यांचं टरफल पाणी आत घेत नाही. असे दाणे सँडपेपरवर हलके घासून पुन्हा भिजवा.