राखणीच्या कुत्र्याला दोन वेळ भाकर-पाणी दिलं, तरी आणखी काय देणं लागतो?

वावरात राखणीला कुत्रा बांधलाय, भाकर-पाणी वेळेवर मिळतं, मग आणखी कसली जबाबदारी, असं तुम्ही विचारलंय. जबाबदारी वाढते ती साखळीमुळे. मोकळा कुत्रा दुपारी केळीच्या बागेत शिरतो, ठिबकच्या नळीखालची ओली माती उकरतो आणि तिथे पोट टेकून पडतो. बांधलेल्याला हे जमत नाही. म्हणून त्याने स्वतः शोधलं असतं ते सगळं आपणच पुरवायचं.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. कुत्र्याला घाम फक्त पंजांच्या तळव्यांना येतो, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. पत्र्याच्या शेडची सावली ही सावलीच नव्हे, तापलेला पत्रा खालीही भाजतो. त्यावर कडब्याचा जाड थर टाका, बाजू मोकळ्या ठेवा. निंबाखाली बांधणार असाल तर खुंट ठोकण्याआधी एक दिवस सावली बघा. सकाळी ११ ची सावली दुपारी ३ ला सरकलेली असते आणि साखळी तिथवर पोचत नाही. पाण्यासाठी मातीचं पसरट भांडं अर्धं जमिनीत पुरा, म्हणजे पाणी तापत नाही आणि साखळी अडकून सांडतही नाही. १५ किलोच्या कुत्र्याला एरवी पाऊण ते एक लिटर लागतं, उन्हाळ्यात दुपटीची तयारी ठेवा.

जीभ लालभडक, लाळ चिकट, चालताना झोकांड्या, म्हणजे ऊन लागलंय. लगेच सावलीत न्या, पोटावर, जांघेत, पंजांवर साधं पाणी ओतत राहा आणि वारा घाला. ओलं गोणपाट पांघरून ठेवू नका, ते थोड्या वेळात गरम होतं आणि उष्णता आत कोंडते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. ताप उतरून १०३ फॅरनहाइटवर आला की पाणी ओतणं थांबवा. मग कुत्रा उठून उभा राहिला तरी पशुवैद्याकडे न्याच, कारण मूत्रपिंडाची इजा नंतर उघड होते.

पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. पिल्लू असताना घातलेला पट्टा तसाच राहिला तर मानेच्या कातडीत रुततो. वरून केस झाकतात, त्यामुळे जखम बऱ्याचदा आधी वासानेच कळते. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास तरी मोकळं सोडा. पिसाळण्याची लस तीन महिन्यांच्या पिल्लाला, मग वर्षाने, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी.

आखूड किंवा जड साखळी, कायम बांधलेल्याला न फिरवणं, वाऱ्यावर सोडून देणं, हे सगळं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्यात १० ते ५० रुपये दंड लिहिलाय, तेव्हा धाकाने कोणी सुधारेल ही आशा नको. वावर बटाईने द्याल तेव्हा कुत्रा कोणाकडे राहणार, हे पेरणीआधीच ठरवा. मालक निघून गेला तरी तो त्याच खुंटाजवळ वाट बघत बसतो.