प्राचीन स्थळांवरची हाडं माणसाने खाल्ली की जनावरांनी, हे कसं ओळखतात?

लाखो वर्षांपूर्वीच्या ठिकाणी दगडी हत्यारांशेजारी हाडं सापडली, तर ती आपल्या पूर्वजांनीच आणली असं धरायचं का, हा तुमचा प्रश्न. नाही धरायचं. तरस, बिबट्या, एवढंच काय साळिंदरसुद्धा हाडं गोळा करतं.

आधी खुणा बघतात. दगडाच्या धारेने मांस कापलं की हाडावर अरुंद, खोल चीर पडते आणि तिच्या आत बारीक समांतर रेघा दिसतात. दाताची खूण गोलसर तळाची, गुळगुळीत. पण वाळूत तुडवलेल्या हाडांवरही फसव्या रेघा उठतात, त्यामुळे एकट्यादुकट्या चिरेवर विसंबू नये.

मला जास्त पटतो तो दुसरा पुरावा: ढिगात काय नाही. बकऱ्याच्या पुढच्या पायाचं वरचं हाड न तोडता मागून घ्या (आमच्या बोरिवलीतला मटणवाला आधी नुसता बघत राहतो). खांद्याकडचं टोक सच्छिद्र, चरबीने भरलेलं. कोवळ्या बकऱ्यात तर ते पक्कं जुळलेलंही नसतं. कोपराकडचं टणक. नाक्यावरचं कुत्रं कुठलं टोक आधी संपवेल, सांगायला नको.

दक्षिण आफ्रिकेतल्या माकापान्सगाटच्या गुहेत शरीररचनातज्ज्ञ रेमंड डार्ट यांना कोपराकडची टोकं खांद्याकडच्यांच्या साधारण दहापट मिळाली. पूर्वज ती निवडून गदेसारखी वापरत, असं त्यांनी ठरवलं. पुढे जीवाश्मांचे अभ्यासक सी. के. ब्रेन यांनी नामिबियात कुईसेब नदीकाठच्या वस्त्यांमधली बकऱ्यांची हाडं गोळा केली, माणसांनी खाऊन टाकलेली आणि मग कुत्र्यांनी चघळलेली. तिथेही कोपराकडची टोकं भरपूर, खांद्याकडची जवळपास गायब! दक्षिण आफ्रिकेतल्याच स्वार्टक्रान्स गुहेतल्या एका कोवळ्या पॅरान्थ्रोपसच्या (माणसाच्या एका नामशेष नातलगाच्या) कवटीवरची दोन भोकं बिबट्याच्या खालच्या सुळ्यांमधल्या अंतराशी जुळतात, हेही ब्रेन यांनीच दाखवलं.

टांझानियातल्या ओल्डुवाईला प्रकरण अवघड आहे. १९५९ मध्ये पुरातत्त्वज्ञ मेरी लीकी यांना ‘झिंज’ची (पॅरान्थ्रोपसच्याच एका जातीची) कवटी मिळाली त्या सुमारे १८ लाख वर्षं जुन्या थरात कापल्याच्या, दगडाने ठोकल्याच्या आणि दातांच्या खुणा एकाच ढिगात आहेत. वाद आहे तो आधी कोण पोचलं याचा. नळी फोडून आतला मगज माणसाने खाल्लेला असेल, तर मधल्या तुकड्यांत तरसासाठी काही उरत नाही, तो टोकांकडे वळतो. म्हणून मधल्या तुकड्यांवर दातांच्या खुणा किती, ते मोजतात. बऱ्याच असल्या तर जनावर आधी आलं असणार. मात्र ओल्डुवाईच्या तुकड्यांवर दातांच्या म्हणून मोजलेल्या खुणांपैकी किती खरोखर दातांच्या आणि किती मुळं-बुरशीने कोरलेल्या, यावरच अभ्यासकांचं जुंपलेलं आहे.