वस्तीत मुलांच्या आरोग्यासाठी केलेलं काम दोन महिन्यांत विरतं. ते टिकवायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की नीलम नगरच्या बाजूला तुमच्या मंडळानं स्वच्छता मोहीम घेतली, मुलांची तपासणी केली, शाळेपुढं गतिरोधक हवा म्हणून निवेदन दिलं आणि दोन महिन्यांत सगळं पुन्हा होतं तसं. मी सोलापूरच्या पूर्व भागातच नागरी आरोग्य केंद्रात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. माझं मत असं की जे काम वस्तीच्या रोजच्या रहाटीत बसतं, तेच टिकतं. ज्याला वेगळा दिवस आणि वेगळा उत्साह लागतो, ते पहिल्या लग्नसराईत नाहीतर गड्ड्याच्या जत्रेत बंद पडतं.

डेंग्यूचंच घ्या. सगळीकडं सांगतात, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, पाण्याची भांडी रिकामी करा. पण आपलं पाणी शंभरावर किलोमीटर लांबच्या उजनीतून येतं, आणि वर्षानुवर्षं तीन-चार दिवसांआड, उन्हाळ्यात पाच दिवसांआडसुद्धा सुटत आलंय. परवा नळ येणार असताना आज भरलेला बॅरल ओतून दे, असं कुठल्या बाईला सांगणार? ती मान हलवते, आणि तुमची पाठ फिरली की झाकण ठेवते. तिचं काहीही चुकत नाही.

म्हणून कोरडा दिवस पाण्याच्या दिवसालाच बांधा. नळ यायच्या आदल्या संध्याकाळी बॅरलच्या तळाशी थोडंच पाणी उरलेलं असतं. ते संडासाला, अंगणाला वापरून टाकायचं, बॅरल आडवा करायचा आणि आतून काथ्यानं खसाखसा घासायचा. नुसतं ओतून भागत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर कडेला अंडी चिकटवते. तिळापेक्षाही बारीक काळे ठिपके असतात ते. कोरडे पडले तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागलं की त्यातून अळ्या निघतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. दर चार-पाच दिवसांनी घासलेल्या बॅरलमध्ये ते कधी पुरे होतच नाहीत. जो हौद रिकामा होऊच शकत नाही, त्यात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा, हिवताप विभागाकडं मागा. झाकण नसेल तर जुन्या लुगड्याची दुहेरी घडी घट्ट बांधा. धूरफवारणीवर मात्र फार विसंबू नका. तिनं उडणारे डास मरतात, कडेची अंडी तशीच राहतात.

गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘उद्या पहाटे पाणी’ असा मेसेज येतच असेल. त्याच मेसेजला ‘आज बॅरल घासा’ एवढी ओळ जोडा. आणि ती तेलुगूतही असू द्या, शक्यतो गल्लीतल्या एखाद्या वयस्कर बाईच्या आवाजात रेकॉर्ड करून. पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलतात. तुमच्या मंडळाच्या फलकावरची छापील मराठी तिथल्या आजीपर्यंत पोचत नाही.

काम किती घरांचं घ्यायचं, हेही ठरवून टाका. संपूर्ण नगर अंगावर घेऊ नका. एडिस सहसा दोन-चार गल्ल्यांच्या पलीकडं उडत जात नाही, त्यामुळं एका टापूतली सगळी घरं धरली तर फरक दिसतो. दहा नगरांतली विखुरलेली घरं धरून काहीच दिसत नाही. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात, म्हणजे २०१३ पासून, महिला आरोग्य समितीची तरतूद आहे. एका समितीकडं ५० ते १०० घरं आणि वर्षाला ५,००० रुपयांचा निधी. रक्कम लहान आहे, पण समितीचं दप्तर असतं, बैठकीची नोंद होते, आणि मंडळाची पोरं नोकरीसाठी पुण्याला गेली तरी बायका तिथंच राहतात. तुम्ही त्यांच्या हाताखाली काम करा. हे मी अगदी मनापासून सांगते.

तपासणी शिबिराबद्दल जरा स्पष्ट बोलते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतातच. अडतं त्याच्या पुढं. मुलाच्या हृदयात दोष आहे, कानातून पू येतो, वजन फार कमी आहे असं लिहिलेली चिठ्ठी आईच्या हातात पडते आणि ती तशीच सुपाखाली राहते. इथल्या कितीतरी आया घरी विड्या वळतात, आणि मजुरी हजार विड्यांमागं मिळते. सिव्हिलच्या रांगेत दिवस गेला की त्या दिवशी विड्या वळल्या जात नाहीत, मजुरी बुडते. नवीन शिबिर भरवण्यापेक्षा त्या चिठ्ठ्यांची एक वही करा आणि प्रत्येक मुलाबरोबर कोण जाणार त्याचं नाव समोर लिहा. आई जाऊ शकत नसेल तर आजीला रिक्षानं न्या, केसपेपर काढून द्या. हृदयाचं, ऐकण्याचं निदान वेळेत झालं तर त्या लेकराचं पुढचं सगळं आयुष्य बदलतं.

विडीचा विषय निघालाच आहे तर, काम सोडा असं त्या बायकांना चुकूनही म्हणू नका, त्यावरच चूल पेटते. तंबाखूचं पोतं पाळण्याजवळ ठेवू नका, बाळाला पाजण्याआधी हात साबणानं धुवा, दारात वाऱ्याला बसून वळा, एवढंच सांगा. हे त्या करतात.

गतिरोधकाचं निवेदन नगरसेवकाच्या हातात देऊन थांबू नका. नगरसेवक बदलतो, अधिकाऱ्याची बदली होते. पोचेचा शिक्का घ्या, शाळेच्या व्यवस्थापन समितीचा ठराव जोडा आणि एक प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला पाठवा. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर गाडी चौपट अंतरावर थांबते, हे त्या ठरावातच लिहा. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी तिथून किती जड वाहनं जातात, ते आठवडाभर पालकांनी मोजून तो कागदही जोडा. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू-गुटख्याची टपरी असेल तर त्याच अर्जात घाला. ती कायद्यानंच बंद आहे.

आपल्या गावात दीर्घ पल्ल्याचं काम कधी झालंच नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला सोलापूरजवळचं कुंभारी गाव दाखवा. विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, मागणी सोडली नाही, आणि २००६ मध्ये तिथल्या गोदूताई परुळेकर वसाहतीत १०,००० घरं उभी राहिलेली लोकांनी पाहिली.

तुमच्या भागाच्या आशाताई कोण, ते अंगणवाडीत विचारा. महिला आरोग्य समितीच्या सदस्य बायकांची यादी त्यांच्याकडं असते. पुढच्या पाण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्याबरोबर एकाच गल्लीतून फिरा, किती बॅरलांत अळ्या दिसतात ते मोजा आणि तो आकडा खडूनं अंगणवाडीच्या फळ्यावर लिहा. मग दर पाण्याला मोजत चला.